कॅथलिक परंपरेतील कुतूहलाच्या गोष्टी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे श्रद्धाजीवन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गात कॅथलिक विद्यार्थी असलाच तर तो बहुधा एकटाच असतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. आणि तिचा मोठा भाग मुंबई, वसई, ठाणे व पुणे या पट्ट्यात एकवटलेला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात हे प्रमाण अगदीच विरळ होते. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने भंडारा जिल्हा नागपूरच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात मोडतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

वर्गातील या एकट्या विद्यार्थ्याची ओळख इतरांना होते ती प्रश्नांतून. कपाळावर राख कशासाठी लावली? येशू ख्रिस्त ज्या दिवशी मरण पावला त्या दिवसाला 'गुड' कसे म्हणतात? तुम्ही मेरीची पूजा करता काय? पोप कधीच चुकत नाही, हे खरे आहे काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा निखळ कुतूहल असते. मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला त्या क्षणी संपूर्ण समाजाच्या वतीने उत्तर द्यावे लागते. उत्तर ठाऊक नसेल तर संकोच वाटतो आणि अर्धवट ठाऊक असेल तर गैरसमज पसरतो. प्रस्तुत लेखात अशा काही कुतूहलाच्या गोष्टींचे स्पष्टीकरण देऊन विद्यार्थ्याच्या श्रद्धाजीवनाशी त्यांचा कोणता संबंध आहे आणि प्राध्यापकांनी त्याची दखल का घ्यावी, याचा विचार केला आहे.

माहिती आणि श्रद्धा

प्रश्नमंजूषेत विचारण्याजोगी माहिती आणि श्रद्धा यांत अंतर आहे. जगातील सर्वांत लहान राष्ट्र व्हॅटिकन आहे, हे ठाऊक असल्याने कोणी कॅथलिक ठरत नाही. ते ठाऊक नसल्याने कोणाची श्रद्धा उणी होत नाही. तथापि धार्मिक परंपरेतील विलक्षण वाटणाऱ्या बहुतेक गोष्टींच्या मागे एखादे आचरण उभे असते. ते आचरण कळले की विलक्षणपणा ओसरतो.

भंडारा जिल्ह्याला हा विचार अपरिचित नाही. पवनी येथील उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले आहेत. महानुभाव परंपरेत नीळभट्ट भांडारेकर यांचे नाव आदराने घेतले जाते. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढविली आणि दोनच वर्षांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म ही विद्यार्थ्याच्या आत्मसन्मानाशी निगडित बाब असू शकते, याची जाण या भागातील अध्यापकवर्गाला अनुभवाने आहे. त्याच जाणिवेचा परीघ संख्येने अत्यल्प असलेल्या विद्यार्थ्यापर्यंत वाढविणे एवढेच येथे अपेक्षित आहे.

चंद्राबरोबर सरकणारा सण

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टर मात्र दरवर्षी वेगळ्या तारखेला. याचे कारण असे की ईस्टरची तारीख चांद्र गणनेवर ठरते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतो. चर्चची पौर्णिमा कोष्टकाने काढलेली असल्याने प्रत्यक्ष पौर्णिमेशी तिचा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

मराठी पंचांग जाणणाऱ्यास ही रीत ओळखीची वाटेल. ईस्टरपूर्वीची ती पौर्णिमा बहुधा फाल्गुनातील किंवा चैत्रातील असते. २०२४ मध्ये २४ मार्चला होळी पेटली आणि पुढच्याच रविवारी, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुड फ्रायडे ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला, असा क्रम आहे. एकाच चंद्राच्या आधाराने दोन परंपरा आपापले सण ठरवितात.

कार्यालयांत वापरली जाणारी दिनदर्शिकाही याच गणिताच्या दुरुस्तीतून आली आहे. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत वर्षाची लांबी किंचित अधिक धरल्याने वसंतसंपात हळूहळू मागे सरकत गेला आणि त्यासोबत ईस्टरचे गणित बिघडले. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये सुधारणा अंमलात आणली. ४ ऑक्टोबर १५८२ या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. मधले दहा दिवस गळाले. या गणिताचे स्पष्टीकरण व समर्थन ख्रिस्तोफर क्लॅव्हियस या जेझुइट गणितज्ञाने केले. ब्रिटनने ही दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली आणि इंग्रजी राजवटीबरोबर ती येथे रूढ झाली. विद्यापीठाचे परीक्षा वेळापत्रक ज्या तारखांनी छापले जाते, त्यांच्या मुळाशी एका सणाचा दिवस अचूक ठरविण्याची धडपड आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह उन्हाळी परीक्षांच्या तयारीच्या किंवा प्रत्यक्ष परीक्षांच्या काळात येतो. गुड फ्रायडेला सुटी असते. परंतु त्याच्या आदल्या गुरुवारची सायंकाळ आणि शनिवारची रात्र या दोन्ही उपासना वर्षातील अत्यंत महत्त्वाच्या असतात व त्यांना सुटी नसते. गुड फ्रायडेला तर जगभरात कोठेही मिस्सा होत नाही; गुरुवारी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसादच त्या दिवशी दिला जातो आणि चर्चची घंटा गुरुवारच्या मिस्सेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत मौन पाळते. 'गुड' या शब्दाचा जुना अर्थ पवित्र असा आहे, हे कळल्यावर त्या नावातील विसंगतीही उरत नाही.

भस्म, उपवास आणि वयाची अट

ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा समजला जातो. मात्र राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासात धरले जात नाहीत, म्हणून उरतात ते चाळीस. बुधवारी कपाळावर लावली जाणारी राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून तयार करतात. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, याचे स्मरण त्या राखेतून दिले जाते. अंगारा व विभूती यांची ओळख असलेल्या समाजाला हे चिन्ह परके वाटण्याचे कारण नाही.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. सर्व कॅथलिक एकाच विधिपरंपरेचे नसतात. पोपशी संलग्न असलेली लॅटिन परंपरा व २३ पौर्वात्य परंपरा मिळून कॅथलिक चर्च होते. शेजारच्या चंद्रपूर भागात १९७७ मध्ये स्थापन झालेला चांदा धर्मप्रांत केरळमधील सिरो-मलबार परंपरेचा आहे. या परंपरेचे कुटुंब आपला उपवासकाळ बुधवारऐवजी सोमवारीच सुरू करते आणि त्यांच्या मलयाळममध्येही त्या दिवसासाठी 'विभूती' हाच शब्द आहे. त्यामुळे एकाच वर्गातील दोन कॅथलिक विद्यार्थ्यांपैकी एकाच्या कपाळावर सोमवारी भस्म दिसेल, तर दुसऱ्याच्या कपाळावर बुधवारी.

कॅथलिक धर्मसंहितेनुसार मांसवर्जनाचा नियम वयाच्या चौदाव्या वर्षानंतर लागू होतो. उपवासाचा नियम मात्र वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. हा उपवास राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी बंधनकारक असतो आणि त्यात एक पूर्ण भोजन व दोन वेळा अल्पाहार, अशी मुभा असते. साठाव्या वर्षाच्या आरंभी हे बंधन संपते. बारावी उत्तीर्ण होऊन पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश घेणारा विद्यार्थी नेमक्या याच टप्प्यावर असतो. मतदानाचा अधिकार आणि उपवासाचे कर्तव्य त्याच्याकडे एकाच वयात येतात. तोपर्यंत आईवडिलांबरोबर पाळलेला नेम आता त्याला स्वतःच्या निर्णयाने पाळावयाचा असतो. वसतिगृहात राहत असेल तर मेसमध्ये सांगूनही. श्रद्धा वारशाने मिळते, परंतु ती स्वतःची होते ती बहुधा या वयात. किंवा याच वयात ती सुटते.

२०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता. ज्या संताच्या नावाने तो दिवस महाविद्यालयांत गाजतो, त्या व्हॅलेंटाइनचे नाव चर्चने १९६९ मध्येच आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळले, कारण त्याच्या चरित्राविषयी विश्वसनीय माहिती फार थोडी आहे. संतनामावलीत तो कायम असला तरी १४ फेब्रुवारी हा दिवस आता सिरिल व मेथोडियस या बंधूंच्या स्मरणाचा आहे. स्लाव्ह भाषांना लिपी देण्याच्या कार्याशी त्यांचे नाव निगडित आहे. गुलाबपुष्पांचा हा दिवस कॅथलिक सण आहे, अशी समजूत बाळगून एखाद्या ख्रिस्ती विद्यार्थ्याकडे बोट दाखविणे म्हणूनच निराधार ठरते.

भाषेतील खुणा

नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचा अर्थ जन्म. पाद्री, पाव, चावी, लिलाव, घमेले हे शब्दही त्याच वाटेने आले आणि ज्याची महिनाअखेर सर्वच कर्मचारी वाट पाहतात तो पगारही. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला. म्हणजे या देशातील मुद्रणाचा आरंभ एका महाविद्यालयाच्या आवारात झाला.

मराठीच्या प्राध्यापकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव परिचित आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापल्या गेलेल्या या ग्रंथात दोन पुराणे, ९५ अवस्वरू आणि १०,९६२ ओव्या आहेत. ओवी हा छंद आणि पुराण हा आकृतिबंध त्यांनी येथील परंपरेतून घेतला. कॅथलिक विद्यार्थ्याला 'तुमचा धर्म परदेशी' असे ऐकावे लागते तेव्हा चारशे वर्षांहून जुनी ही मराठी रचना त्याच्या हाती असावयास हवी. प्रत्यक्षात ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात इतरांना भेटते. त्याला स्वतःला ती आपली वाटेलच असे नाही, कारण घरी मलयाळम, हिंदी वा इंग्रजी बोलली जात असू शकते.

इतिहासाची दुसरी बाजूही लपविण्याजोगी नाही. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, १७७४ ते १७७८ चा खंड वगळता, धर्मन्यायालय कार्यरत होते आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा आदेश काढला होता. चर्चच्या पुत्रांनी भूतकाळात केलेल्या अपराधांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीर क्षमायाचना केली. इतिहासाच्या तासाला हा विषय निघतो तेव्हा वर्गाच्या नजरा त्या एकट्या विद्यार्थ्याकडे वळतात. सोळाव्या शतकातील सत्तेच्या कृत्यांचा जाब एकविसाव्या शतकातील मुलाला विचारला जाऊ नये आणि त्याच वेळी तो इतिहास सौम्यही केला जाऊ नये, हा तोल अध्यापकालाच सांभाळावा लागतो.

उपासनेच्या भाषेविषयीही असेच कुतूहल असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासनेत लोकभाषांना वाव दिला, तोपर्यंत लॅटिन परंपरेची मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. आज मिस्सा मराठीतही होते. याच परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही, अशी भूमिका घोषित केली. हिंदू व बौद्ध सहाध्यायांच्या सणांत सहभागी होताना कॅथलिक विद्यार्थ्याच्या मनात येणाऱ्या प्रश्नांना या भूमिकेचा आधार आहे.

संत, परीक्षा आणि प्रयोगशाळा

परीक्षार्थींचा आश्रयदाता म्हणून सतराव्या शतकातील इटालियन संत जोसेफ ऑफ कुपर्टिनो यांची ख्याती आहे. ते अभ्यासात अत्यंत मंद होते. परीक्षकाने नेमका त्यांना येत असलेलाच एक उतारा विचारला आणि ते उत्तीर्ण झाले, अशी कथा सांगितली जाते. विद्यापीठांचे आश्रयदाते तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस हेही वर्गात गप्प राहत. सहाध्यायी त्यांना 'मुका बैल' म्हणत, असे परंपरा सांगते. ज्यांच्या नावाने नागपुरात १९५६ पासून महाविद्यालय चालते, ते संत फ्रान्सिस डी सेल्स लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते आहेत. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत गोन्सालो गार्सिया हे तर महाराष्ट्रातील वसईचे. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना वधस्तंभावर ठार मारण्यात आले व १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

येथे 'पूजा करता काय' या प्रश्नाचे उत्तर मिळते. कॅथलिक शिकवणीनुसार आराधना फक्त परमेश्वराची. संतांचा आणि पवित्र मरियेचा सन्मान केला जातो व त्यांना मध्यस्थीची विनंती केली जाते. पोपच्या अचूकतेचेही तसेच. १८७० मध्ये निश्चित झालेल्या सिद्धान्तानुसार ती श्रद्धा वा नीती यांविषयी विशिष्ट अटींवर केलेल्या अधिकृत घोषणेपुरती मर्यादित आहे. त्यानंतर अशी विधिवत घोषणा झाली ती १९५० मध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाविषयी. हा सण १५ ऑगस्टला येतो. कॅथलिक विद्यार्थी त्या दिवशी महाविद्यालयात ध्वजारोहणाला आणि चर्चमध्ये मिस्सेला, दोन्हीकडे असतो.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला वेगळ्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. गॅलिलिओला १६३३ मध्ये झालेली शिक्षा सर्वांना ठाऊक असते. त्या प्रकरणातील चूक चर्चने १९९२ मध्ये मान्य केली. याच्या जोडीला हेही सांगितले गेले पाहिजे की आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठवासी होते आणि विश्वाच्या प्रसरणाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, असा लमेत्र यांचा आग्रह होता. विज्ञानाने श्रद्धा सिद्ध होत नाही आणि श्रद्धेने विज्ञान अडत नाही, ही त्यांची भूमिका बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला उपयोगी पडणारी आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेले पिएर जॉर्जो फ्रासाती (१९०१ ते १९२५) हे तुरीन येथे खाणकाम अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. पदवी हाती येण्यापूर्वीच पोलिओने त्यांचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला शहरातील गोरगरिबांची गर्दी लोटली, तेव्हा ते किती जणांना मदत करीत होते हे घरच्यांना कळले. मँगेनीजच्या खाणी असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा संत दूरचा वाटू नये.

अध्यापकांच्या दृष्टीने

वरील माहितीचा उपयोग काही लहान निर्णयांत होऊ शकतो. कॅथलिक व्यक्तीला रविवारची मिस्सा कर्तव्य असते. परंतु शनिवारच्या सायंकाळची मिस्साही त्यासाठी ग्राह्य धरली जाते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, रविवारचा जादा तास किंवा स्पर्धा परीक्षा यांमुळे अडचण आल्यास हा पर्याय सुचविता येतो. अंतर्गत चाचणी पवित्र सप्ताहातील गुरुवारी सायंकाळी ठेवू नये, यासाठी वर्षारंभी दिनदर्शिका पाहणे पुरेसे असते.

प्रवेश अर्जातील रकान्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व्यक्तीला तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे एकाच चर्चमध्ये जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या सवलतींत मोठा फरक पडू शकतो आणि धर्म कोणता लिहावा या प्रश्नाला शुल्काचे परिमाण येते. १९९० च्या दुरुस्तीचे महत्त्व या जिल्ह्यातील बौद्ध विद्यार्थ्यांनी अनुभवले आहे. म्हणून प्रवेश समितीतील अध्यापकाने हा नियम शांतपणे, चारचौघांत चर्चा न करता समजावून देणे आवश्यक ठरते.

समारोप

कुतूहल ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर क्षणभर पुरते, तर उत्तर देणाऱ्याला त्या उत्तरासह जगावे लागते. राखेमागे उपवास आहे, सरकत्या तारखेमागे चंद्र आहे, संताच्या नावामागे गरिबाला दिलेली मदत आहे. हे वर्गात ज्याला सांगता येते तो अध्यापक त्या एकट्या विद्यार्थ्यावरचा भार हलका करतो. उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्या शिरावरून उतरली की श्रद्धा ठेवावी की न ठेवावी, कशी ठेवावी, हा विचार करण्यास तो मोकळा होतो. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला द्यावयाचे स्वातंत्र्य हेच होय. आणि ते कॅथलिक विद्यार्थ्याइतकेच महानुभाव, बौद्ध, मुस्लिम, जैन वा गोंड विद्यार्थ्यालाही लागू पडते.